प्रोग्राम बरोबर, टेस्ट नापास: घोळ नेमका कुठल्या नळात?

काळी स्क्रीन, पांढरी अक्षरं, ना माउस ना बटण. ही गोष्ट २०२५ मध्ये परत फॅशनमध्ये येईल असं कॉलेजात असताना मला कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो. पण बघा ना. फेब्रुवारीत अँथ्रॉपिकने क्लॉड कोड आणलं, एप्रिलमध्ये ओपनएआयने कोडेक्स सीएलआय, जूनमध्ये गुगलने जेमिनी सीएलआय. तिन्ही टूल्स टर्मिनलमध्ये चालणारी. मधल्या मार्च महिन्यात गुगलने पिक्सेल फोनवर एक टर्मिनल ॲप दिलं. डेव्हलपर ऑप्शन्समधून ते चालू केलं की फोनच्या आत चक्क डेबियन लिनक्स सुरू होतं. टर्मक्स तर आपल्याकडची पोरं कित्येक वर्षं वापरतायत.

हा नुसता जुन्या गोष्टींचा लळा नाही. यामागे एक साधा बदल आहे: आपण लिहिलेल्या प्रोग्रामचं आउटपुट आता बहुतेक वेळा माणूस वाचत नाही, दुसरा प्रोग्राम वाचतो. ऑनलाइन परीक्षेत जज वाचतो, कंपनीत टेस्ट सर्व्हर वाचतो, आणि आता एआय एजंट वाचतो. माणूस समजून घेतो. 'अरे, इथे एक ओळ जास्त आलीय, चालतंय' म्हणतो. मशीन म्हणत नाही.

हे किती महागात पडू शकतं याचं ताजं उदाहरण उबुंटूचं आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये उबुंटूची २५.१० आवृत्ती आली. फाइल कॉपी करणं, यादी दाखवणं, तारीख सांगणं अशा रोजच्या छोट्या कमांड्स त्यात जुन्या जीएनयू संचाऐवजी रस्ट भाषेत नव्याने लिहिलेल्या संचातून घेतल्या होत्या. थोड्याच दिवसांत कळलं की काही मशीन्सवर अपडेट आपोआप तपासणंच बंद पडलंय. कारण निघालं 'डेट' या कमांडमध्ये. तिला एक ठराविक ऑप्शन आणि फाइलचं नाव दिलं की ती फाइल शेवटची कधी बदलली ती वेळ छापणं अपेक्षित असतं. नव्या आवृत्तीने तो ऑप्शन निमूटपणे स्वीकारला, आणि छापली मात्र आत्ताची वेळ. अपडेटवाली स्क्रिप्ट बिचारी विचारतेय, 'शेवटची तपासणी कधी झाली?' उत्तर येतंय, 'आत्ताच.' मग ती कशाला परत तपासेल?

इथे काहीच क्रॅश झालं नाही, लाल अक्षरांत एरर आली नाही, आउटपुटचा साचासुद्धा बरोबर होता. समोर माणूस असता तर 'ही फाइल तर मागच्या आठवड्यातली आहे' असं त्याने लगेच ओळखलं असतं. पण आउटपुट स्क्रीनवर न जाता थेट दुसऱ्या स्क्रिप्टच्या तोंडात जात होतं. दुरुस्ती लवकर आली, आणि हाताने अपडेट करणाऱ्यांना त्रास नव्हता. तरी सिक्युरिटी अपडेट न येणं म्हणजे गंमत नाही, विशेषतः सर्व्हरवर.

तीन नळ

कुठलाही कमांड-लाइन प्रोग्राम सुरू झाला की त्याला तीन नळ जोडून मिळतात. शून्य नंबरचा आत येणारा, म्हणजे स्टँडर्ड इनपुट. एक नंबरचा बाहेर जाणारा, स्टँडर्ड आउटपुट. आणि दोन नंबरचा तक्रारींचा, स्टँडर्ड एरर. तुम्ही काही वेगळं सांगितलं नाही तर पहिला कीबोर्डला आणि उरलेले दोन स्क्रीनला जोडलेले असतात. < हे चिन्ह वापरून कीबोर्डऐवजी फाइल लावता येते, > वापरून स्क्रीनऐवजी फाइल, आणि | या उभ्या रेघेने एका प्रोग्रामचं आउटपुट दुसऱ्याच्या इनपुटला. या रेघेची, म्हणजे पाइपची, कल्पना डग मॅकिलरॉय यांची. बेल लॅब्जमध्ये १९७३ साली ती युनिक्समध्ये आली.

तक्रारींचा नळ सुरुवातीला नव्हताच. तो का आला याची गोष्ट मला फार आवडते. बेल लॅब्जमध्ये तेव्हा फोटोटाइपसेटर होतं. प्रोग्रामचं आउटपुट त्याला पाठवायचं, मग खास कागद रसायनात धुऊन काढायचा. एवढा खटाटोप करून लोक पान उचलायचे, आणि त्यावर सुबक छपाईत एकच ओळ: अमुक फाइल उघडता येत नाही. एररसुद्धा आउटपुटच्याच नळातून गेलेली! तेव्हा ठरलं की तक्रारींना वेगळी वाट हवी.

म्हणूनच > लावून आउटपुट फाइलमध्ये पाठवलं तरी एरर स्क्रीनवर येतच राहते. 'मी तर सगळं फाइलमध्ये टाकलं होतं' असं म्हणत गोंधळून जाण्याचं हे पहिलं ठिकाण. दोन्ही फाइलमध्ये हवं असेल तर आधी > आणि फाइलचं नाव, मग २>&१. याचा अर्थ: दोन नंबरचा नळ आत्ता एक नंबरचा जिथे जोडलाय तिथेच जोड. (टाइप करताना आकडे आणि अक्षरं इंग्रजीच लागतील, हे सांगायला नको.) 'आत्ता' हा शब्द महत्त्वाचा. २>&१ आधी लिहिलं आणि > नंतर, तर एरर स्क्रीनवरच राहते, कारण त्या क्षणी एक नंबरचा नळ स्क्रीनलाच होता. शेल डावीकडून उजवीकडे वाचतं, बस.

आणखी एक सापळा: एखादी फाइल सॉर्ट करून त्याच नावाच्या फाइलमध्ये > ने पाठवली की हाती रिकामी फाइल येते. शेल प्रोग्राम सुरू करायच्या आधीच ती फाइल उघडून कोरी करून ठेवतं. प्रोग्राम वाचायला जातो तेव्हा वाचायला काही उरलेलंच नसतं. हा डेटा परत येत नाही, तेव्हा इथे जपून.

वडाप आणि रिक्षा

टेस्टिंगमध्ये सगळ्यात जास्त वेळ खाणारा प्रकार मात्र बफरिंग. ऑफिसात दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी नवीन मुलगा किंवा मुलगी येऊन विचारतं: 'स्क्रीनवर चालवलं की सगळं दिसतं, फाइलमध्ये पाठवलं की अर्धंच येतं. असं कसं?'

वडापची जीप आठवा. सीट भरल्याशिवाय ड्रायव्हर हलत नाही. सी भाषेतला प्रिंटएफ तसाच वागतो, पण दोन तऱ्हांनी. समोर टर्मिनल असेल तर एक ओळ पूर्ण झाली की गाडी सुटते. समोर फाइल किंवा पाइप असेल तर सगळी जीप भरेपर्यंत, लिनक्सवर साधारण ४०९६ बाइट्स, गाडी जागची हलत नाही. पायथनचंही असंच, फक्त जीप आणखी मोठी. स्टँडर्ड एरर म्हणजे रिक्षा. सीमध्ये ती एका पॅसेंजरवरही निघते.

आता गंमत बघा. प्रोग्राम नीट संपला तर शेवटी अर्धी भरलेली जीपही सोडली जाते, सगळं पोचतं. पण प्रोग्राम मध्येच सेगमेंटेशन फॉल्टने कोसळला, किंवा वेळ संपली म्हणून बाहेरून मारला गेला, तर जीपमध्ये बसलेले सगळे गेले. तुम्ही चुका शोधायला जागोजागी 'इथे पोचलो', 'इथेही पोचलो' असं छापलेलं असतं. फाइलमध्ये शेवटचं दिसतं 'इथे पोचलो ४', म्हणून तुम्ही पाचव्या जागेच्या आसपास दोन तास घालवता. प्रत्यक्षात प्रोग्राम अकराव्या जागेपर्यंत गेलेला असतो, पाच ते अकरा जीपमध्ये अडकलेले. असले मेसेज स्टँडर्ड एररवर छापा, प्रश्नच मिटतो. किंवा एफफ्लश वापरा. पायथन असेल तर चालवताना -यू हा ऑप्शन द्या. दुसऱ्याचा प्रोग्राम असेल, कोडला हात लावता येत नसेल, तर लिनक्सवर एसटीडीबफ नावाची कमांड आहे. तिने बहुतेक सी प्रोग्राम्सची सवय बाहेरून बदलता येते.

दोन्ही नळ एकाच फाइलमध्ये सोडले की क्रम का उलटापालटा दिसतो हेही आता कळेल. रिक्षा आधी पोचते, जीप नंतर. फाइलमध्ये एरर वर आणि त्याआधी झालेलं काम खाली. लॉग वाचताना 'आधी एरर आली, मग काम झालं' असा निष्कर्ष काढू नका.

स्पर्धांमध्ये इंटरॅक्टिव्ह प्रश्न असतात, जिथे तुमचा प्रोग्राम जजला प्रश्न विचारतो आणि उत्तर मिळाल्यावर पुढचा विचारतो. तिथे फ्लश केलं नाही तर तुमचा प्रश्न जीपमध्ये बसून राहतो. जज तुमची वाट बघतो, तुम्ही जजची. कोडफोर्सेसवर याला वेगळा शेराच आहे, आयडलनेस लिमिट एक्सीडेड. लॉजिक शंभर टक्के बरोबर असलं तरी तो मिळतो.

विंडोजवाल्यांसाठी

आपल्याकडे बहुतेक विद्यार्थी विंडोजवर व्हीएस कोड वापरतात, आणि त्यातलं टर्मिनल बहुतेक वेळा पॉवरशेल असतं. ट्युटोरियल लिनक्सचं असतं. तुम्ही < लावून इनपुट फाइल देता आणि उत्तर येतं की हे चिन्ह भविष्यातल्या वापरासाठी राखीव आहे. पॉवरशेल २००६ साली आलं. ते भविष्य अजून यायचंय. इलाज: गेट-कंटेंट कमांडने फाइल वाचून पाइपने प्रोग्रामला द्या, किंवा जुन्या सीएमडीमध्ये जा, तिथे < नीट चालतं.

आउटपुटचा गोंधळ जास्त फसवा. विंडोजसोबत येणारं पॉवरशेल ५.१ हे > ने लिहिलेली फाइल यूटीएफ-१६ मध्ये साठवतं. नोटपॅडमध्ये उघडली तर अगदी व्यवस्थित दिसते. पण अपेक्षित उत्तराची फाइल यूटीएफ-८ मध्ये असेल तर बाइट न् बाइट जुळवणारं टूल म्हणणार, एकही ओळ जुळत नाही. डोळ्यांना दोन्ही सारख्या! वर पाइपमधून मराठी मजकूर पाठवला तर ५.१ मध्ये मूळ सेटिंग आस्की असल्यामुळे पलीकडे फक्त प्रश्नचिन्हं पोचतात. मराठी नावांवर काम करणारा प्रोग्राम लिहिणाऱ्याने आधी हे तपासावं, नाहीतर दोष स्वतःच्या कोडला देत बसाल. पॉवरशेल ७ मध्ये दोन्ही ठिकाणी यूटीएफ-८ आहे. ते फुकट आहे, वेगळं टाकावं लागतं, टाका.

विंडोजवर बनवलेली इनपुट फाइल लिनक्सवर नेली की प्रत्येक ओळीच्या शेवटी एक न दिसणारं अक्षर सोबत जातं. सी प्रोग्राम 'हो'ची तुलना 'हो'शी करतो आणि म्हणतो वेगळे आहेत. कॅट कमांडला -ए दिलं की ते अक्षर ^एम असं उघडं पडतं.

जर्नलमधला प्रोग्राम आणि प्लेसमेंटची टेस्ट

आता जी गोष्ट मला खरंच टोचते ती. माझ्या ओळखीतला एक मुलगा, तालुक्याच्या गावातल्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला. कॅम्पससाठी एका कंपनीची ऑनलाइन टेस्ट झाली. दोन प्रश्न, दोन्ही सोडवले, आणि दोन्हींत लपवलेल्या सगळ्या टेस्ट केस नापास. त्याने आठवून परत लिहिलेला कोड मला पाठवला. मी एका फाइलमध्ये इनपुट ठेवलं, दुसरीत अपेक्षित उत्तर, < आणि > लावून चालवलं आणि डिफने दोन्ही ताडून बघितलं. पहिल्याच ओळीत दिसलं. उत्तर '४२' हवं होतं, आणि फाइलमध्ये होतं 'एंटर द नंबर: ४२'. लॉजिकमध्ये एक चूक नव्हती.

त्याला हे कुणी शिकवलं? कॉलेजनेच. आपल्या प्रॅक्टिकलमध्ये एक्स्टर्नल समोर बसतो. प्रोग्राम सुरू झाल्यावर 'एंटर द नंबर' दिसलं नाही तर ते म्हणतात, 'यूजरला कसं कळणार?' बरोबरच आहे, समोर माणूस असेल तर ते हवंच. कित्येक ठिकाणी अजून सुरुवातीला सीएलआरएससीआर आणि शेवटी गेटच लिहिलं नाही तर जर्नलवर सही होत नाही. ही दोन्ही कोनिओ नावाच्या हेडरमधून येतात, जे लिनक्सवर चालणाऱ्या जजमध्ये मुळात नसतं. तिथे प्रोग्राम कंपाइलच होणार नाही. आणि विंडोजवर कंपाइल झाला तरी गेटच स्टँडर्ड इनपुट वाचत नाही, थेट कन्सोलवरून की घेतो. तुम्ही फाइल लावून ठेवा, तो कीबोर्डकडेच बघत बसतो.

पायथनवाल्यांनी हसू नये. इनपुट फंक्शनच्या कंसात लिहिलेलं वाक्यही, आउटपुट फाइलमध्ये जात असेल तर, स्टँडर्ड आउटपुटवरच पडतं.

कंपन्यांनाही मी सूट देणार नाही. टेस्टमध्ये फक्त 'राँग आन्सर' दाखवायचं, तुमचं आउटपुट काय होतं आणि हवं काय होतं हे एका उदाहरणापुरतंही दाखवायचं नाही, यातून कुणाचं प्रोग्रामिंग कळतं? ज्याच्या घरी कुणी इंजिनिअर आहे किंवा ज्याने पुण्यात क्लास लावलाय त्याला हा नियम आधीच माहीत असतो. ज्याला नाही, त्याची वर्षातली एखाद-दुसरी संधी एका प्रिंटएफपायी जाते. पहिल्या सेमिस्टरमध्ये एक प्रॅक्टिकल ठेवायचं: इनपुट फाइलमधून द्या, आउटपुट फाइलमध्ये घ्या, डिफ रिकामा आला पाहिजे. लॅबमध्ये यासाठी नवीन काही विकत घ्यावं लागत नाही.

लॅपटॉप नाही, फोनवरच शिकताय? ऑनलाइन कंपायलर ॲपमध्ये 'इनपुट' नावाची पेटी असते. ती म्हणजेच <. रन दाबायच्या आधी ती भरावी लागते. रिकामी ठेवली तर पायथन ईओएफ एरर देतं, म्हणजे 'वाचायला गेलो, पण नळ आधीच कोरडा'. तुमचा कोड बिघडलेला नाही. त्याच पेटीत प्रश्नातलं सँपल इनपुट जसंच्या तसं टाका, आणि आउटपुटमध्ये सँपल उत्तरापेक्षा एकही अक्षर जास्त दिसतंय का बघा.

एजंट 'सगळ्या टेस्ट पास' म्हणतो तेव्हा

सुरुवातीच्या एआय टूल्सकडे परत येतो. ही टूल्स तुमच्या वतीने कमांड चालवतात, आउटपुट वाचतात आणि पुढे काय करायचं ते ठरवतात. त्यांना स्क्रीन दिसत नाही. नळातून आलेला मजकूर आणि प्रोग्राम संपताना मागे ठेवलेला एक आकडा, एवढंच दिसतं. हा आकडा म्हणजे एक्झिट कोड. शून्य म्हणजे काम फत्ते, बाकी काहीही म्हणजे गडबड.

मी वापरताना पाहिलंय की लांबलचक आउटपुट टाळायला एजंट पुष्कळदा कमांडच्या शेवटी पाइप लावून टेल जोडतो, म्हणजे शेवटच्या वीसेक ओळीच वाचायच्या. कल्पना चांगली आहे. पण पाइप लावलेल्या कमांडचा एक्झिट कोड हा शेवटच्या प्रोग्रामचा असतो. इथे शेवटचा प्रोग्राम टेल, आणि टेलचं काम तर नेहमीच फत्ते. टेस्ट पार कोसळल्या तरी आकडा शून्य येतो. एररची मुख्य ओळ त्या वीस ओळींच्या वर राहिली असेल तर एजंट पूर्ण आत्मविश्वासाने सांगतो की सगळं ठीक आहे. बॅशमध्ये सेट -ओ पाइपफेल असं आधी लिहिलं की मधला कुठलाही प्रोग्राम फसला तरी आकडा शून्य येत नाही. मी माझ्या प्रोजेक्टच्या सूचनांच्या फाइलमध्ये ही ओळ घालून ठेवलीय. शिवाय एजंटने पास म्हटलेल्या टेस्ट मी एकदा स्वतः, पाइप न लावता चालवतो. त्याला काही फार वेळ लागत नाही.

उलटा प्रकारही होतो. एजंटने कमांड चालवली आणि ती अडकून बसली. बहुतेक वेळा आत कुठेतरी 'वाय की एन?' असा प्रश्न आलेला असतो आणि उत्तर द्यायला कुणीच नसतं. अशा वेळी इनपुटला < ने /डेव्ह/नल जोडा. प्रोग्रामला लगेच 'इनपुट संपलं' असं कळतं आणि तो ताटकळण्याऐवजी एरर देऊन बाहेर पडतो. पासवर्ड विचारणारी सुडोसारखी कमांड मात्र याला बधत नाही. ती स्टँडर्ड इनपुट सोडून थेट टर्मिनललाच पासवर्ड विचारते, आणि ते मुद्दाम तसं केलेलं आहे.